राक्षसाचं माप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हं! शिंपीकाम करणाऱ्यांच्या गळ्यात लोंबते ना, मापं घ्यायची, ती. माझे निम्मे आकडे पुसले गेलेत आणि अंगाला सुरकुत्या पडल्यात, पण म्हणून काही मी चिंधी नाही. मी राक्षसांची शिकार केलेली आहे. हसू नका, आधी ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाच्या पट्टीवर पिवळं रोगण चढवलं, आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रा ठोकला. पुढे मी दुकानात सुया-दोऱ्यांच्या शेजारी गुंडाळी होऊन पडले होते. एक दिवस एक टेलरबाई आल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी कचकन ताणलं. मी जराही लांबले नाही. "ही चालेल," त्या म्हणाल्या आणि मला गळ्यात घालूनच घरी निघाल्या.

बाईंचं दुकान जिन्याखाली होतं. एक शिलाई मशीन, इस्त्रीचे डाग पडलेलं टेबल, आरसा आणि चिंध्यांचा ढीग. मागच्या खोलीत बाई आणि त्यांची लेक चिंगी राहत. बाई तोंडात टाचण्या धरून बोलायच्या, त्यामुळे त्यांचं बोलणं मला आणि चिंगीलाच कळायचं.

त्या काळी आमच्या गावात राक्षस फिरत. शिंगं, सुळे, असलं काही नाही. अगदी ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन यायचे मेले! घरच्यांनी 'आपलंच माणूस' म्हणून त्याला जवळ केलं, की खरं माणूस कायमचं नाहीसं व्हायचं. लोक एकमेकांकडे संशयानं बघू लागले होते.

एकदा शेजारचे पोस्टमास्तर कोट शिवायला आले. बाईंनी छातीचं माप घेतलं. खात्रीसाठी पुन्हा घेतलं, तर ते वाढलेलं! बाई चरकल्या. तिसऱ्यांदा तर मी पुरेचना. तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे पोस्टमास्तर नव्हेत, आणि हे जे काही आहे ते आपल्या भीतीवर फुगतंय! बाई मुळात खमक्या. त्यांनी टाचण्या थुंकल्या आणि दटावलं, "अहो, काय हे पोट! जरा चालायला जात चला की!" तेवढ्यानं ते माप खर्रकन उतरलं. बाई मोजत गेल्या, बोलत गेल्या आणि शेवटी उरला दोऱ्याच्या रिळाएवढा राक्षस. तो त्यांनी चिंध्यांबरोबर झाडून बंबात घातला.

मग काय विचारता! लांबलांबून लोक बाईंना बोलवायला यायचे. "बाई, जरा आमच्या भावोजींचं माप घेता का?" माझं कौतुक तर विचारूच नका. मी जरा शेफारलेच होते म्हणा ना.

आणि एका दुपारी चिंगी शाळेतून आली. तिच्या मागोमाग दुसरी चिंगी आली.

तोच गणवेश, तीच सुटलेली वेणी, बोटांवर तीच शाई. "आई, ही कोण?" दोघी एकदमच ओरडल्या आणि रडू लागल्या. मित्रांनो, परक्यांच्या राक्षसाला हसणं सोपं असतं. इथे चुकीच्या पोरीला जवळ घेतलं असतं, तर पोटची पोर गेली असती. बाईंनी मला हातात घेतलं, पण त्यांचे हात लटपटत होते. पहिलीची कंबर दोनदा मोजली, माप वेगळं आलं. दुसरीची मोजली, तेही वेगळंच! मी ताठ राहायचा जिवापाड प्रयत्न करत होते. पण धरणारा हातच हलत असेल, तर टेप बिचारी काय करणार? बाईंनी मला टेबलावर टाकलं आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

एक चिंगी तशीच रडत राहिली. दुसरीनं मात्र डोळे पुसले आणि आईजवळ जाऊन म्हणाली, "आई, तू आज टेपखाली बोटं का नाही घातलीस? नेहमी दोन घालतेस ना? 'वाढतं अंग आहे' म्हणतेस, आणि माझे सगळे फ्रॉक पोत्यासारखे होतात! वर्गात मला गोणी म्हणतात, ठाऊक आहे?"

"गोणी?" बाई रडता रडता फस्सकन हसल्या.

"मला पण गोणी म्हणतात!" पहिली घाईघाईनं म्हणाली. पण तिच्या बाह्या हातांच्या खाली लोंबू लागल्या होत्या. गणवेश खांद्यांवरून घसरत होता. बाईंनी खऱ्या चिंगीला जवळ घेतलं, मला सरसावलं आणि म्हणाल्या, "ये गं बाई, तुझंही माप घेऊ."

"नको, मी जाते!" ते किंचाळलं.

"अशी कशी जातेस? उंची राहिली की!"

त्या दुपारी झाडू चिंगीनंच मारला.

आता बाई थकल्यात. दुकान चिंगी चालवते. तिच्याकडे नवी कोरी टेप आहे आणि मी खिळ्यावर असते. मध्ये कुणीतरी मला दोरी समजून जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधलं होतं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण अजूनही कुणी घाबरंघुबरं दारात आलं, की चिंगी नवी टेप ठेवते आणि मला काढते.

मुलांनो, भीती तुम्हालाही वाटेल. वाटू दे. फक्त लांबून तिचा अंदाज बांधू नका. लांबून कुणाचंच माप घेता येत नाही, त्यासाठी अगदी जवळ जावं लागतं. बाई आणि चिंगी रडल्या तरी राक्षसाजवळ गेल्या, म्हणून आज चिंगी आहे. तुम्हीही जा, सोबत कुणाला तरी घेऊन जा. आणि काम झालं की आम्हा टेपांना नीट गुंडाळून ठेवा. गाठ तेवढी मारू नका, फार दुखतं.