सुपारीची जागा

निशिगंधा आणि अमरसिंह अकरा वर्षं लग्नाशिवाय एका घरात राहिले. कोल्हापूरनं ते फार मनाला लावून घेतलं नाही. गल्ली तिला तोंडावर वहिनी म्हणायची, पाठ वळली की जे म्हणायचं ते म्हणायची. घराचे निम्मे हप्ते ती अमरसिंहच्या हातात द्यायची. कागदावर नाव मात्र त्याच्या एकट्याचं. दुसरं नाव लावायला कचेरीत खेटे घालावे लागले असते, आणि प्रेमात माणसाला तेवढी सवड नसते.

आता अमरसिंहचं लग्न ठरलं होतं. मुलगी जयसिंगपूरची. निशिगंधाला घर सोडायला सांगितलं होतं, तेही अगदी सभ्य शब्दांत.

ती बाळासो वकिलांकडे गेली.

"नवराबायकोसारखं राहत होता, हे दाखवाय लागंल," ते म्हणाले. "घरातली एखादी पूजा? जोडीनं बसलेला फोटो?"

तिनं वास्तुशांतीचा अल्बम पुढं केला. त्यांनी तो शेवटपर्यंत चाळला.

"ताई, ह्यात तुम्ही कुठं हाय?"

"फोटो मी काढलेत."

"आणि पूजेला बायकोच्या जागी?"

"सुपारी."

बायको नसली की यजमानानं कमरेला सुपारी खोचून पूजेला बसायचं, अशी रीत. नेसरीहून आलेल्या अमरसिंहच्या आईनं, तानाबाईंनी, तेव्हा सरळ विचारलं होतं, "लगीन करतीस, का सुपारी खोचू?"

निशिगंधा खळखळून हसली होती. "खोचा की, आत्या! जेवाय तरी मागणार न्हाय ती." सासूला म्हणतात तसं आत्या मात्र ती म्हणायची.

वकिलांनी अल्बम मिटला. "दावा लावू की. पण हा फोटो समोरचाच आधी दाखवंल."

दुसऱ्या दिवशी सामान एका मैत्रिणीकडं टाकून ती किल्ली द्यायला गेली. लग्नाच्या तयारीला आलेल्या तानाबाई घरी एकट्याच होत्या. त्यांनी देवघरातल्या तांदळाच्या वाटीतून ती सुपारी काढली.

"आता खरी यायलीया. हिला ने, जाता जाता पंचगंगेत सोड." मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "मी सुपारी आणायलाच नको होती बघ. बसली असतीस तू."

"न्हाय आत्या. तरी हसलेच असते."

घाटावर ती बराच वेळ मूठ झाकून उभी राहिली. इतकी वर्षं घरात राहिलेलीला असं एकदम बाहेर काढणं तिला बरं दिसेना. सुपारी पर्समध्ये टाकून ती भाड्याची खोली बघायला गेली.