दोनशे बाराव्या पानावरचा नावाडी

मुखपृष्ठ

मित्रांनो, मी एक जुना दुसरा भाग आहे. थोरल्याचे कपडे घालून वाढलेल्या धाकट्या मुलाला विचारा, म्हणजे माझी गत तुम्हाला कळेल. मी छापखान्यातून वाचनालयात आलो तेव्हा अंगाचा शाईचा वासही गेला नव्हता, आणि लोक म्हणू लागले, "बघू या, पहिल्याइतका जमलाय का!"

गोष्ट साहसाची. हरवलेली बेटं शोधणारी एक मुलगी, आणि तिला ढगांवरून नावेतून नेणारा एक म्हातारा, खोकणारा नावाडी. पहिल्या भागात हा नावाडी साऱ्यांचा लाडका झाला होता. तीन वर्षं लोकांनी माझी वाट पाहिली ती त्याच्यासाठीच.

पान १

मला सगळ्यांत आधी नेलं एका शिंप्याच्या नातीनं. वाचनालयाच्या बाईंकडे तिनं महिनाभर आधी नाव घालून ठेवलं होतं.

दुकान म्हणजे एक खोली. दुपारी अर्धं दार ओढून घेतलं की आजोबा मशीनच्या फळीवर मला उघडत आणि नात खाली बसून डब्यातली बटणं रंगाप्रमाणे निवडे. दोघांचा करार होता: वाचायचं आजोबांनी, ऐकायचं नातीनं, आणि एकट्यानं मला कुणीच उघडायचं नाही. खुणेला मोजपट्टी. माझ्या पानांवर खडूची बोटं उठत. मला ती दागिन्यांसारखी वाटत.

नावाड्याचं बोलणं आजोबा स्वतःच्या खोकल्यासकट वाचत. नात म्हणे, "आजोबा, हा नावाडी म्हणजे तुम्हीच!"

"मग काय तर! माझी नाव पायानं चालते, एवढाच फरक," असं म्हणून आजोबा मशीनचं पायडल हलवत.

पान २१२ ते २१९

एका दिवशी नात शाळेत असताना आजोबांनी करार मोडला. पुढे काय होतं, एवढंच पाहायला.

या आठ पानांत वादळ आभाळाला भोक पाडतं. नावाडी मुलीला बेटावर उतरवतो आणि आपली नाव त्या भोकात घालून ते बुजवतो. मुलगी बचावते. तो परत येत नाही.

आजोबांनी चष्मा काढला. पुसला. घातला. छापलेलं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी नात समोर बसली, आणि माझ्या ओळींवर बोट ठेवून ते भलतंच वाचू लागले! नावाड्यानं म्हणे शीड फाडलं, भल्या मोठ्या सुईनं आभाळाला ठिगळ लावलं आणि खोकत खोकत घरी आला. मी ओरडणार कसा? पुस्तकाला तोंड कुठे! वाचणाऱ्याचं तोंड तेच त्याचं तोंड. पण खरं सांगू? ठिगळ बरं बसलं होतं. पुढच्या प्रकरणात मुलगी नावाड्यासाठी रडते, तिथे आजोबांनी तिला सर्दी झाल्याचं वाचलं.

शनिवार (याला पान नाही)

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयात 'पुस्तक-भांडण' होई. टेबलावर एक पुस्तक, भोवती वाचक. हवं ते बोला, फक्त पुस्तक आपटायचं नाही, हा बाईंचा नियम. त्या शनिवारी टेबलावर मी होतो.

"पहिल्याची सर नाही."

"पाणी घालून वाढवलाय नुसता."

"छे हो! पहिल्यात सगळे नुसते फिरतात. यात काहीतरी घडतं तरी."

"नकाशाचं प्रकरण सुरू झालं आणि मी जी झोपले!"

"ते सगळं जाऊ द्या," पोस्टमन म्हणाला, "नावाड्याला मारल्याशिवाय काय अडलं होतं?"

नात ताडकन उभी राहिली. "मारलं? तो कुठे मेला? त्यानं आभाळाला ठिगळ लावलं!"

एकच हशा पिकला. "अगं, पुस्तक वाचलंस की स्वप्नात पाहिलंस?"

"माझ्या आजोबांनी वाचून दाखवलंय. आजोबा खोटं वाचत नाहीत!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला दोनशे बाराव्या पानावर उघडून तिच्यापुढे सरकवलं.

मित्रांनो, लोकांनी मला नावं ठेवली त्याचं काही वाटलं नाही. पण तिची नजर एकेक ओळ खाली उतरत होती, तेव्हा मला माझी अक्षरं पुसून टाकावीशी वाटली.

पुन्हा पान २१२

ती मला घेऊन तडक दुकानात आली. आजोबा कॉलर टाचत होते.

"सगळे मला हसले."

आजोबांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "जन्मभर लोकांचे कपडे आत घेतले, बाहेर सोडले. वाटलं, गोष्टही जरा आत घेऊ."

"मला विचारलंत?"

"नाही."

"मी सगळ्यांसमोर म्हणाले, आजोबा खोटं वाचत नाहीत."

कॉलर बाजूला ठेवून ते म्हणाले, "तो मी आहे म्हणालीस ना, ठकूबाई. मग तुझ्यासमोर त्याचं मरण मला वाचवेना."

नात नाक ओढत उभी राहिली. मग म्हणाली, "उठा तिथून. खाली बसा."

आजोबा बटणांच्या डब्याशी बसले. ती स्टुलावर चढली. पाय पायडलला पुरत नव्हते. तिनं मला उघडलं आणि जे छापलं होतं ते वाचलं. अडखळत, पण एकही शब्द न गाळता.

"पुरे गं आता," आजोबा म्हणाले.

"थांबा हो. अजून वल्ही आहेत त्याच्या हातात."

दोनशे एकोणिसावं पान संपलं तेव्हा आजोबांच्या मुठीत पांढरी आणि काळी बटणं एकत्र झाली होती.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

तिनं पान उलटून पाहिलं. "पुढे ती मुलगी रडते. सर्दी नाही झालेली तिला. ते उद्या. आणि वाचणार मी."

मलपृष्ठ

पुढे तिसरा भाग आला. त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. मी मधल्या फळीवर आहे, पुठ्ठा सुटलाय, शिवण ढिली झालीय. कुणी डिंकाचं एक बोट लावलं तर बरं होईल. माझी दुसरी विनंती मात्र मोठी आहे. मित्रांनो, मला वाईट म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण सबंध वाचून म्हणा. आणि एखाद्या पानाशी आवाज अडला तर ते गाळू नका. शेजारी कुणीतरी बसलेलं असेल, पुस्तक त्याच्या हातात द्या.