बरसीच्या दिवशीचं पाणी

ऑपरेशनला बारा दिवस झाले होते आणि दाऊदला पाणी जात नव्हतं.

जेवणाचं त्याला काही वाटत नव्हतं. भूकच लागत नव्हती. नाशिकच्या डॉक्टरांनी वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढला होता, उरलं होतं ते केळ्याएवढं. पण दिवसाला दीड लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, असं त्यांनी बजावलं होतं. घटाघटा नाही, घोट घोट. मुलीनं, शिरीननं, मोबाइलवर दर दहा मिनिटांनी गजर लावून ठेवला होता. गजर वाजला की पाणी यायच्या आधीच दाऊदच्या पोटात ढवळायचं. साधं पाणी त्याला गंजलेल्या लोखंडासारखं लागायचं. लिंबू पिळून बघितलं, जिरं उकळून बघितलं. कधी राहायचं, कधी तसंच वर यायचं.

तो जव्हारचा आचारी. तीस वर्षं त्यानं जव्हारपासून खोडाळ्यापर्यंत लग्नांच्या मोठाल्या देगी चुलीवर चढवल्या. वजन एकशे अडतीसवर गेलं तेव्हा देगीवर वाकता येईना. ऑपरेशन करून घ्या, म्हणून बायको जुबेदा चार वर्षं मागे लागली होती. तो टाळत राहिला. मग तीच गेली, तापाचं निमित्त होऊन, पाच दिवसांत. तिचं जे ऐकायचं राहिलं होतं ते त्यानं ती गेल्यावर ऐकलं.

आज तिची बरसी होती, तिला जाऊन वर्ष झालं होतं. जेवण बाहेरून मागवू, असं शिरीन म्हणाली होती. दाऊदनं नाही म्हणून मान हलवली. गावभरच्या लेकीसुनांना त्यानं रांधून घातलं आणि जुबेदाच्या नावाचं जेवण दुसऱ्याच्या हातचं? शेवटी धाकटा भाऊ मुबश्शिर अंगणात देग लावेल आणि दाऊद खुर्चीत बसून सांगेल, असं ठरलं.

कांदा तेलात पडला तशी त्याला मळमळ सुरू झाली. ज्या वासावर त्याचं घर चाललं त्याच वासानं त्यानं तोंडाला रुमाल लावला. तरी तो बसून राहिला. दुपारी देगीचं झाकण निघालं. मुबश्शिरनं सवयीनं मटणाचा एक बारीक तुकडा आणि चार शितं बशीत घेऊन भावापुढे धरली.

देगीच्या वाफेत तास न् तास उभं राहिलं की आचाऱ्याची जीभ मरते. म्हणून लग्नघर कुठलंही असो, मीठ बघायला बशी जुबेदाकडे जायची. ती चाखून "बस" म्हणायची किंवा "जरासं" म्हणायची, आणि तिचं कधी चुकलं नाही. ती गेल्यापासून दाऊद स्वतःच चाखायचा. आजही बशी पुढे आली आणि त्यानं तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. गिळल्यावर त्याला आठवलं, अजून पातळाशिवाय काही पोटात घालायचं नव्हतं.

छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळावी तसं झालं. मग उलटी झाली, फेसाची. मग दुसरी. तासाभरानं पाण्याचा घोट घेतला, तोही परत आला. शिरीननं दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, पोटाला थोडी विश्रांती द्या, मग अगदी चमचा चमचा द्या. सकाळपासून लघवी झाली आहे का? नव्हती झाली. मग सहापर्यंत वाट बघा, झाली नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर निघून या, सलाईन लावावी लागेल.

शिरीननं गाडी सांगून ठेवली. दाऊदला सलाईनची भीती नव्हती. जुबेदाच्या नावानं फातिहा पढली जाईल, माणसं जेवायला बसतील आणि आपण नाशिकच्या घाटात असू, एवढंच त्याला खात होतं. जुबेदा गेली तेव्हाही तो घरी नव्हता. मोखाड्याला एका लग्नात देगीवर होता.

ठकी कांदे सोलायला जामसरहून आली होती. दाऊदच्या कामांवर ती वीस वर्षं यायची आणि शेठ म्हणत असली तरी सगळ्यांशी अरेतुरेच बोलायची. तिनं त्याची खुर्ची उचलायला लावून घरामागे नेली, जिथं धूर येत नव्हता. सरबतासाठी आणलेल्या बर्फाचा तुकडा फडक्यात घालून दगडानं ठेचला.

"हा जिभेवर धर," ती म्हणाली. "गिळू नको. आपला आपण जाईल."

"पोटात नाही राहायचं, ठकी."

"तू काय पाणी पितोस? पाण्याकडं बघून घाबरतोस नुसता. एवढा मोठा गडी, आणि एवढ्याशा खड्याला भितोस."

दाऊदनं खडा तोंडात धरला. लोखंडाची चव आली नाही. बर्फ विरघळला, थंडावा घशाखाली उतरला आणि तिथंच राहिला. थोड्या वेळानं ठकीनं दुसरा दिला. तिसऱ्यानंतर त्याला ढवळलं, त्यानं डोळे मिटून घेतले, नाकानं श्वास घेत राहिला. वर आलं नाही. पुढून मुबश्शिरचा आवाज येत होता, मीठ कसं झालंय असं तो कुणाला तरी विचारत होता. दाऊदनं तिकडं लक्ष दिलं नाही.

चार वाजले, पाच वाजले. बर्फ संपला तेव्हा ठकीनं त्याच बर्फाचं पाणी चमच्यानं दिलं. शिरीन दर थोड्या वेळानं येऊन बापाचे ओठ बघून जायची. साडेपाचला तो भिंतीला धरून उठला आणि संडासाकडे गेला. बराच वेळ उभा राहिला. मग झाली. थोडीच, हळदीच्या पाण्यासारखी गडद, पण झाली.

बाहेर येऊन त्यानं शिरीनला सांगितलं. सांगताना मुलीपुढे त्याला लाज वाटली. ती "अल्ला" म्हणून मटकन ओट्यावर बसली आणि गाडीवाल्याला फोन करून नको म्हणाली. आत फातिहाला माणसं जमू लागली होती. ठकी पुन्हा चमचा घेऊन आली.

दाऊदनं चमचा घेतला आणि तो रडायला लागला. बायकोशिवाय कुणाला सांगू नये अशी ही गोष्ट, आणि ती त्याला लेकीला सांगावी लागली होती. रडण्यात सांडलेला चमचा ठकीनं पुन्हा भरला.