खालची कवळी आणि ते दोन स्क्रू

मित्रांनो, सोलापुरात शुक्रवार पेठेत राहणाऱ्या मुक्ताबाईंच्या खालच्या जबड्यातली मी एक जुनी कवळी आहे. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव जळका आहे. माझी वरची बहीण टाळूला चिकटून ऐटीत बसते, तिच्यावरही मी जळते. मला कुठला टाळू? खाली नुसती हिरडीची कड आणि मध्ये सारखी ढकलाढकली करणारी जीभ.

माझा जन्म दातांच्या कारागिराकडे झाला. मेणाचा साचा, त्यात गुलाबी मसाला, मग उकळतं पाणी आणि शेवटी झिलई. मला पहिल्यांदा घातलं तेव्हा मुक्ताबाईंनी आरशात पाहिलं आणि लाजून तोंडाला पदर लावला. काय कौतुक होतं माझं! मी भाकरी चावली, शेंगदाणे चावले. बुद्धविहारात मुक्ताबाई वंदना सांगायच्या आणि सगळ्या बाया त्यांच्यामागून म्हणायच्या. त्यांचा एकेक शब्द मी नीट बाहेर पाठवला.

पण मित्रांनो, दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं. माझ्याखालची जमीनच खचत गेली आणि मी डुलायला लागले. एका पौर्णिमेला भर विहारात, वंदना सुरू असताना मी सटकले ती थेट मुक्ताबाईंच्या मांडीवर पडले. पोरं खुदकन हसली. त्या दिवसापासून मुक्ताबाई ओठ मिटून मागच्या रांगेत बसू लागल्या. दोष मात्र सगळा माझ्या माथी.

"मेली जाग्यावर बसतच न्हाय," असं त्या चारचौघींत सांगायच्या.

शेवटी त्यांची सून दीक्षा त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. एक्स-रे झाला, रक्तातली साखर तपासली, हाड किती उरलंय ते पाहिलं.

"आजी, खालच्या हाडात दोन स्क्रू बसवू या, त्यांच्या आधारानं दात हलणार नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तंबाखू खाता का?"

"न्हाय ओ. कवाच न्हाय."

मुक्ताबाई खोटं बोलत नव्हत्या. रोज सकाळी त्या हिरडीला बोटानं काळी मिश्री चोळायच्या. पण मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू, ती कुठली तंबाखूत, अशी त्यांची अगदी पक्की समजूत होती. म्हणून ती त्यांनी सांगितलीच नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मला उघड्या डबीत बाजूला ठेवलं होतं. सुई टोचली, जबडा बधिर झाला. नंतर मुक्ताबाईंना मशीनचा आवाज आणि थोडा दाब तेवढा जाणवत होता, दुखत काहीच नव्हतं. टायटॅनियमचे ते दोन नवरदेव चिमट्यात बसून आले आणि हाडात उतरले. वरून टाके पडले. काय त्यांचा थाट! माझ्यासाठी कधी कुणी इतकी सरबराई केली नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

"दोन-तीन दिवस सूज राहील, गालावर बर्फ धरा," डॉक्टरीणबाईंनी दीक्षाला समजावलं. "गार पेज, मऊ खिचडी द्या. जोरात चूळ भरायची नाही. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. हाडानं स्क्रू धरायला तीन-चार महिने जातात, लगेच दात मिळत नाहीत. आणि मी सांगेपर्यंत खालची कवळी घालायची नाही."

म्हणजे मला घरचा रस्ता! घरी सगळे त्या स्क्रूंची खुशाली विचारत होते. माझ्याकडे कुत्रंही बघेना.

तिसऱ्या दिवशी ठणका वाढला. दीक्षा बाहेर गेली होती. मुक्ताबाईंनी मिश्रीची डबी काढली आणि औषध म्हणून चिमूटभर मिश्री टाक्यांवर दाबून धरली. मी फळीवरून सगळं पाहत होते. उपटून पडा मेल्यांनो, असं मी मनात म्हटलं. खूप बरं वाटलं मला.

गाल टम्म फुगला. दीक्षानं मुक्ताबाईंना दवाखान्यात नेलं, डबीतून मलाही. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून पाहिलं तर टाक्यांत काळी भुकटी.

"आजी, हे काय?"

"मिश्री हाय की. दुकायलं म्हणून लावली."

"अहो, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच! अशानं जखम भरत नाही, हाड स्क्रूला धरत नाही. ते काढावे लागले तर हाड आणखी जाईल. मग खाली कुठलीच कवळी टिकायची नाही."

कुठलीच नाही! मित्रांनो, माझी तर पाचावर धारण बसली. ज्यांच्या मरणाची मी वाट पाहत होते, त्यांच्याबरोबर माझीही जागा जाणार होती.

जखम धुऊन झाली. घरी आल्या आल्या मुक्ताबाईंनी मिश्रीची डबी मोरीत रिकामी केली.

"आत्या, जमंल का तुम्हाला?" दीक्षानं विचारलं.

"न जमायला काय झालं? वंदना म्हणायची हाय मला, पुढं बसून."

आणि त्यांनी जमवलं. सकाळी बोट शिवशिवायचं, चिडचिड व्हायची, पण मिश्री पुन्हा घरात आली नाही. टाके निघाले. माझं पोट आतून कोरून त्यात मऊ अस्तर घातलं आणि मला अंग चोरून तोंडात बसायची परवानगी मिळाली. का, तर हाडातल्या त्या दोन साहेबांना धक्का लागता कामा नये!

काही महिन्यांनी एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाई हसल्या. हाडानं स्क्रू घट्ट धरले होते. दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर त्यांनी छोटी बटणं बसवली. "आता ती जुनी कवळी इकडे द्या," म्हणाल्या. मला वाटलं, झालं, आता कचऱ्याची बादली. पण त्यांनी माझ्या पोटात दोन खळगे केले, त्यांत बटणांवर बसणाऱ्या टोप्या घातल्या आणि मला दाबलं. टक्! जिभेनं ढकलून पाहिलं, मी हलले नाही.

पुढच्या पौर्णिमेला मुक्ताबाई विहारात पहिल्या रांगेत बसल्या. त्यांनी खणखणीत आवाजात वंदना सांगितली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत जागची हलले नाही. वंदना संपताच बाया भोवती जमल्या.

"मुक्ताबाई, ते स्क्रू दाखवा की!"

मुक्ताबाईंनी मला अंगठ्यानं उचकटलं, तळहातावर उताणी टाकलं आणि तोंड उघडलं. सगळ्या वाकून वाकून ती दोन बटणं बघू लागल्या. "लई भारी!" म्हणाल्या. माझ्याकडे एकीनंही पाहिलं नाही.

मित्रांनो, मी अजून जळते. पण तुमच्या घरी कुणाला असे स्क्रू बसवले असतील, तर माझ्यासारख्या कवळीला घासण्याआधी त्यांच्या भोवतीची हिरडी मऊ ब्रशनं साफ करा. डॉक्टरांना वेळेवर दाखवा. मिश्रीला घरात थारा देऊ नका. त्या दोघांना आधी सांभाळा, माझ्यासाठी तरी सांभाळा.