उमाकांतची साक्ष

बंगळूरजवळच्या आनेकलच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली उमाकांतची दोन बोटं गेली. काम भराभर उरकावं म्हणून मशीनचं सुरक्षेचं गार्ड काढायला लावलं होतं सुपरवायझर शिवकुमारने. चौकशीत मात्र तो म्हणाला, "उमाकांत पिऊन आला होता." दारूला कधी न शिवलेल्या उमाकांतची नोकरी गेली. चर्चमधली माणसंसुद्धा त्याच्याशी जपून बोलू लागली.

"एकदा हाती लागू दे तो," उमाकांत बायकोला म्हणायचा.

प्रेमा म्हणायची, "देवाला सांगा. त्याच्यापुढे ओरडा, भांडा. पण शिक्षा द्यायचं काम त्याचं, आपलं नाही. लहानपणापासून तेच शिकलोय ना आपण?"

"आणि त्याने दिलीच नाही तर?"



पुढे महादेवपुऱ्यातल्या एका कारखान्यात उमाकांत कामगारांना सुरक्षा आणि प्रथमोपचार शिकवू लागला. काही वर्षांनी तिथेच शिवकुमार सुपरवायझर म्हणून आला. दोघंही बेळगावकडचे, पण एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत.

एका सकाळी शिवकुमार झोकांड्या खात चालू मशीनवर कलला. जीभ जड, डोळे तारवटलेले. मशीनवरच्या रंजिताने घाबरून मशीन बंद करायचं बटण दाबलं. मॅनेजर जयसिंगराव धावत आले.

"पिऊन आलाय का हा? उमाकांत, तुम्ही बघून सांगा. आत्ताच्या आत्ता काढतो त्याला."

उमाकांतने हात लावून पाहिलं. कपाळावर गार घाम होता, तोंडाला वास नव्हता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. शब्द ओठांवर आलाही. देवानेच माणूस हाती दिलाय, असं वाटून गेलं. पण देवाला खोट्या साक्षीची गरज कशाला पडेल?

"नाही साहेब. रक्तातली साखर उतरलीय. रंजिता, साखरेचं पाणी आण, पळ!"

पेला त्यानेच शिवकुमारच्या ओठांना लावला.

दुपारी कॅन्टीनमध्ये शिवकुमार समोर येऊन बसला. "तुझ्याबद्दल मी खोटं बोललो होतो. जयसिंगरावांना सांगून आलोय. जुन्या मालकांनाही सांगतो. माफ कर मला."

हे ऐकल्यावर मन हलकं होईल, असं उमाकांतला इतकी वर्षं वाटत होतं. तसं काही झालं नाही. राग होताच, फक्त आता त्याची घाई नव्हती.

"स्वल्प वेळ लागेल मला," तो म्हणाला. "जेवलास का?"

शिवकुमारने नकारार्थी मान हलवली. उमाकांतने डबा मधोमध सरकवला. शिवकुमारने अर्धी भाकरी घेतली आणि दोघं जेवू लागले.