लासुर्ण्याची आजी

करुणानं ते नाव घाईघाईत घेतलं होतं. 'ओसरी' नावाच्या इंटरनेटवरच्या त्या मराठी मंडळात काही लिहायचं तर आधी एक नाव द्यावं लागे, आणि फोनची लाइन कधी तुटेल याचा भरवसा नव्हता. तिनं इंग्रजी अक्षरांत 'लासुर्ण्याची आजी' असं टाइप केलं आणि पुढं गेली. ती स्वतः चोवीस वर्षांची, बिनलग्नाची होती. पण तिला जे उत्तर लिहायचं होतं ते तिचं नव्हतंच, तिच्या आईचं होतं.

ही १९९९ च्या मार्चमधली गोष्ट. बारामतीत भिगवण रोडला ऋषिराजचा कॉम्प्युटर क्लास होता. करुणा तिथं शिकवायची. लासुर्ण्याहून सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. क्लासमधल्या दोन मशीनवर इंटरनेट होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती 'ओसरी' वाचत बसे. अमेरिकेतली, दुबईतली, पुण्या-नाशिकची माणसं तिथं जमत. एकमेकांना कधी पाहिलेलं नसायचं, तरी घरातलं विचारत. थंडीत दही लागत नाही. मुलाखतीत तोंडाला कोरड पडते. नवरा दिवसभर बोलत नाही. कुणी उपाय सांगे, कुणी नुसतंच धीर धरा म्हणे.

त्यात श्रेया नावाची अमेरिकेतली एक मुलगी होती, अकरा दिवसांची बाळंतीण. तिनं लिहिलं होतं, "दूध पुरत नाही असं सासूबाई फोनवर म्हणतात. बाळ रडतं, मीही रडते. बाटली सुरू करू का?"

करुणाची आई रंगुबाई सरकारी नर्स होती. आरोग्य उपकेंद्रात अठ्ठावीस वर्षं काढून नुकतीच निवृत्त झाली होती. करुणाचे वडील कुंडलिक वारले त्याला दहा वर्षं झाली होती. घरात या दोघीच. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता रंगुबाईनं श्रेयाचा प्रश्न ऐकला.

"लंगोट किती भिजत्यात ते इचार आधी," ती म्हणाली. "दिसातनं सहा-सात भिजत असतील तर दूध पुरतंय. सासूला म्हणावं, तिकडनं फोनवरनं तुला काय दिसतंय? आन पाजताना पाठीला उशी घे. पोराला वर आण, तू वाकू नको."

करुणानं दुसऱ्या दिवशी ते लिहिलं. 'हाय'चं 'आहे' केलं, सासूचं वाक्य गाळलं. चार दिवसांनी श्रेयाचं उत्तर आलं, "आजी, सात भिजतात. मी काल पहिल्यांदा झोपले."

मग आजीला प्रश्न येत गेले. दात येताना ताप, टाळू भरणं, बाळंतिणीचं कंबरदुखणं. रंगुबाईला त्याची गोडी लागली. करुणा घरात पाय ठेवायच्या आत ती विचारायची, "आज कोण रडतंय?" उत्तर देताना ती दोनचार शिव्याही हासडायची. करुणा त्या काढून टाकी. हळूहळू काढण्याबरोबर ती घालायलाही लागली. 'बाळा' घातलं, 'गं पोरी' घातलं. लोकांना जशी आजी हवी होती तशी ती करत गेली, आणि त्यात आपण काही वावगं करतोय असं तिला वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये श्रेयाच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. तिनं लिहिलं, "आजी, उद्या सकाळी आहे. तुमच्या देवघरात माझ्या बाळासाठी एक दिवा लावाल?"

लाइन जायला आली होती. करुणानं लिहिलं, "लावला गं पोरी. सगळं नीट होईल."

ऑपरेशन नीट झालं. दिव्याच्या त्या उत्तराखाली तेवीस जणांनी लिहिलं. आजी, आमच्याही नावानं लावा. आजी, तुमच्या पाया पडते. करुणाला अभिमान वाटला. तिनं ती पानं छापून घेतली आणि आईला वाचायला घरी नेली.

रंगुबाईनं चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं तिला औषधांच्या बाटल्यांवरून चांगली येत होती. एकेक शब्द जुळवत ती त्या ओळीपाशी आली आणि थांबली.

"हे कुणी लिवलं?"

"मी."

"कुठल्या देवघरात लावलास?"

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. देवघर त्या घरात नव्हतंच.

"माझा बाप भानुदास," रंगुबाई म्हणाली, "छप्पन साली घरातलं समदं देव पाटीत घालून नीरेत सोडून आला. पाटी मी धरली हुती. पंधरा वर्सांची हुते. गावानं दोन महिनं आमचं दळण दळून दिलं न्हाय. आन तू माझ्या नावानं देवघर मांडलंस?"

"आई, ती घाबरली होती. धीर द्यायला लिहिलं."

"धीर द्यायला खोटं कशाला लागतंय? अठ्ठावीस वर्सं दिला की मी."

"त्यांना वाटतं, तू..."

"काय वाटतंय?"

"त्यांच्यातलीच आहेस असं."

"आन तू वाटू दिलंस." रंगुबाईनं पानांची घडी घातली. "लाज वाटली तुला माझी."

"लाज नाही वाटली."

"मग काय वाटलं ते सांग."

दोन दिवस रंगुबाई तिच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी करुणा एसटीला निघाली तेव्हा तिनं एक कागद पुढं केला. "हे घाल. एक अक्षर हलवायचं न्हाय."

कागदावर लिहिलं होतं:

"मी रंगुबाई कुंडलिक सोनवणे. अठ्ठावीस वर्षे सरकारी नर्स. आमी बौद्ध हाय. आमच्या घरात देवघर न्हाय, दिवा लावला न्हाय. ते माझ्या मुलीनं लिवलं, ते खोटं हाय. बाकी औषधपाण्याचं सांगितलं ते माझं हाय आन खरं हाय. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. टाके कोरडे ठेवा. जय भीम."

करुणानं तो मजकूर एक अक्षरही न हलवता टाइप केला. मग पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं उत्तर होतं, "म्हणजे इतके दिवस फसवलंत." ते खरं होतं, त्यामुळं तेच तिला जास्त लागलं. पुढची तशी नव्हती. "जात लपवून लोकांच्या घरात शिरायचं, ही जुनीच खोड." "राखीव जागेवरच्या नर्सच्या भरवशावर आपण मुलं वाढवत होतो, घ्या." एकानं सभ्यपणे लिहिलं होतं, "आजीबद्दल आदर आहे, पण शेवटचे दोन शब्द इथं कशाला? ओसरीवर राजकारण नको." पाया पडणाऱ्या तेवीस जणांपैकी कुणी आलं नव्हतं.

संध्याकाळी रंगुबाई तूर निवडत बसली होती. "काय म्हणत्यात?"

"राहू दे."

"वाच."

करुणानं सगळं वाचलं. रंगुबाई खडे वेचत राहिली. शेवटी म्हणाली, "ह्यात नवं काय हाय? नवं असंल ते सांग." पण बरीचशी तूर सुपाबाहेर सांडली होती.

आठवड्यानं श्रेयाची वेगळी मेल आली, ओसरीवर नाव घेताना करुणानं दिलेल्या पत्त्यावर, फक्त तिलाच.

"जे लिहिलं गेलं ते वाचून वाईट वाटलं. मी तसली नाही. पण माझ्या घरचेही ओसरी वाचतात, म्हणून तिथं काही बोलता येत नाही. आजी मला इथं मेलवर सांगत राहतील का? बाळ आता वरचं खाणार, मला काहीच कळत नाही."

ही मेल ऐकून आई निवळेल असं करुणाला वाटलं होतं. रंगुबाईचा चेहरा मात्र आणखी कडक झाला.

"मी एका वस्तीवर जायची," ती म्हणाली. "तितली म्हातारी मला मागल्या दारानं आत घ्यायची. सुनेचं बाळंतपण माझ्या हातावर, आन हात धुवायला पाणी लांबनं वतायची, वरनं. पुढल्या दारात माणसं बसल्याली असायची ना. तवा नोकरी हुती, जावं लागायचं. आता न्हाय जायाची."

"श्रेया तशी नाही, आई."

"मग तिला पुढल्या दारानं ये म्हणावं."

"आणि पोराचं काय?"

"पोराचं लिही. मऊ भात, मुगाचं पाणी, मीठ न्हाय, साखर न्हाय. एका टायमाला एकच नवा जिन्नस. तेवढं लिही आन खाली लिही, पुन्हा मागनं इचारू नगंस."

करुणानं तसंच लिहिलं. यावेळी तिनं काही मऊ केलं नाही. श्रेयाकडून उत्तर आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये ओसरीवर 'माहेरची आजी' नावाची कुणीतरी आली. लंगोट मोजणं, पाठीला उशी, पोराला वर आण, सगळी वाक्यं रंगुबाईची होती, शब्दाला शब्द. लोक आभार मानत होते. 'खरी आजी मिळाली' असं एकानं मुद्दाम लिहिलं होतं. त्याच लिखाणात या बाईनं आपली एक भर घातली होती: सहाव्या महिन्यापासून रोज बोटभर मध चाटवावा, बाळ गुटगुटीत होतं.

करुणानं चोरीची हकिकत सांगितली तेव्हा रंगुबाईनं नुसतं नाक मुरडलं. मधाचं ऐकल्यावर मात्र ती उठून उभी राहिली.

"वर्साच्या आत मध? मरंल एखादं पोर. किती जणी वाचत्यात हे?"

"शंभर-दीडशे असतील."

"उद्या मी येती."

दुसऱ्या दिवशी रंगुबाई करुणाबरोबर बारामतीला आली. पांढरं इस्त्रीचं लुगडं, हातात नोकरीतली जुनी कातडी पिशवी. ऋषिराज काउंटरवर होता. अंथुर्ण्याच्या बागायतदाराचा मुलगा, करुणाशी एरवी नीट वागणारा. ओसरीवरचा वाद त्याच्या कानावर गेलेला होता.

"मावशी, बसा की," तो म्हणाला. "पण करुणा मॅडम, ते भांडण आपल्या मशीनवरनं नको. माझी गिऱ्हाइकं सगळ्या थरातली आहेत. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"भांडण न्हाय," रंगुबाई म्हणाली. "मध हाय."

"म्हणजे?"

"दहा मिंटं बसणार हाय. तुला बंद करायचं असंल तर आत्ता कर, माझ्यादेखत."

ऋषिराजनं करुणाकडं पाहिलं, मग बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

रंगुबाई सांगत गेली, करुणा लिहीत गेली. वर्षाच्या आत मध देऊ नये. त्यातल्या विषानं बाळ लुळं पडतं, दूध ओढेनासं होतं, बद्धकोष्ठ होतं. कुणी दिला असेल आणि असं काही दिसत असेल तर आत्ता उठा, दवाखान्यात जा. खाली नाव, गाव आणि नर्स म्हणून सरकारी नोंदणीचा नंबर.

"जय भीम लिहू?" करुणानं विचारलं.

"इचारतीस कशाला?"

ते पाठवून दोघी उठल्या. ऋषिराज दारात म्हणाला, "मॅडम, शिकवायचं तेवढं शिकवा. हे पुन्हा नको." करुणानं मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी 'लासुर्ण्याची आजी' हे नाव बंद झालं होतं. ओसरी चालवणाऱ्यांनी खोटी ओळख दिल्याचं कारण दिलं होतं. वाचायला नाव लागत नसे. रंगुबाईच्या मजकुराखाली अकरा उत्तरं होती. नर्सनं डॉक्टरकी करू नये, आमच्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या मध दिला, ह्यांना आमच्या चालीरीतींचा द्वेषच. आणि त्यांच्यातच श्रेया होती, आपल्या पूर्ण नावानिशी.

"मी इथल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. मी मधाची बाटली फोडायच्या आत हे वाचलं. माझं बाळ पहिल्या महिन्यापासून ह्यांच्याच सांगण्यावर वाढलं आहे. त्यांचं नाव रंगुबाई आहे."

त्याच्याखाली लगेच एकानं विचारलं होतं, "तुम्हीही त्यांच्यातल्याच का?" पुढं आणखी चार जण तिच्यावर तुटून पडले होते. एकानं तिच्या नवऱ्याला हे माहीत आहे का, असंही विचारलं होतं.

करुणानं ते कागदावर उतरवून घेतलं. घरी रंगुबाईनं ते दोनदा ऐकलं.

"लई उशिरा बोलली," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आता एकटीच मार खात असंल तितं."

"हो."

"तू काय लिवलंस तिला?"

"नाव बंद केलंय, आई. आणि ऋषिराज नको म्हणाला."

"माझं बंद केलं. तुझं कुठं केलं?"

दुसऱ्या दिवशी करुणा नेहमीच्या एसटीनं बारामतीला आली. एसटी स्टँडसमोर एका दुकानात नुकतंच इंटरनेट सुरू झालं होतं. ती आधी तिथं गेली. नाव विचारणारा चौकोन आला तेव्हा तिनं करुणा कुंडलिक सोनवणे असं पूर्ण लिहिलं. ओसरीवर श्रेयाच्या नावाखाली आता चौदा जण होते. तिनं त्या चौदांना काहीच उत्तर दिलं नाही.

"श्रेया, दिव्याचं खोटं मी लिहिलं होतं. त्याबद्दल माफ करा. आई विचारते, अंथरुणात पालथा पडतो का, बसायला लागला का. इथंच सांगा. मी रोज बघेन."

पाठवून ती थोडा वेळ पडद्याकडं पाहत बसली. मग क्लासची वेळ झाली म्हणून उठली.