समुद्राकडे तोंड केलेला नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कागदाचा नव्हे हं, पत्र्याचा, दारापेक्षा जरा रुंद. समुद्राकाठच्या रस्त्यावर उभं राहून, शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवणं हे माझं काम. मी पहिल्यापासूनच काळजीखोर. कुणी वाट चुकलं तर, ही धास्ती मला रोजचीच. पण सध्या मात्र माझा जीव खरोखर टांगणीला लागला आहे.

मला रंगवणारा पेंटर भलताच चिकित्सक. ब्रश हातात धरण्याआधी आठवडाभर त्याने सगळं शहर पायी पालथं घातलं. दीपगृह, बोटीचा धक्का, मत्स्यालय, पोहण्याची चौपाटी, काही सोडलं नाही. चौपाटीपुढे ‘चालत दहा मिनिटे’ असं लिहायचं होतं, तर तेवढं अंतर तो सासूबाईंना घेऊन चालला. पाहुण्यांत म्हातारी माणसंही असतात ना! सासूबाईंनी वाटभर त्याचा उद्धार केला. मग त्याने मला समुद्राच्या कठड्याला लावलं. बघणाऱ्याचं तोंड समुद्राकडे, डाव्या हाताला चौपाटी आणि उजव्या हाताला खडक. भरती आली की त्या खडकांना चहूबाजूंनी पाणी वेढतं.

पुढची कितीतरी वर्षं माझी चैन होती. बोटं फिरून फिरून माझा रंग उडाला, पण लोक म्हणायचे, नकाशा असावा तर असा. नंतर ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आले. माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडू लागले. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण निदान माझ्यामुळे कुणाचं नुकसान तरी होत नव्हतं.

मग रस्त्याची दुरुस्ती निघाली. ठेकेदार म्हणाला, हा समुद्र झाकतोय, याला पलीकडच्या भिंतीला ठोका. बोटीच्या तिकीट-खिडकीतल्या बाईंनी विचारलंसुद्धा, दिशा नाही का बदलणार?

"नकाशा तोच आहे ना, बाई? रस्त्याच्या या कडेचा त्या कडेला गेला, एवढंच," ठेकेदार म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मला समुद्र दिसला. चार दिवस मी हरखून गेलो होतो. मग एक कुटुंब समोर उभं राहिलं आणि घोळ माझ्या लक्षात आला. आता बघणाऱ्याची पाठ समुद्राकडे होती. माझ्यावर चौपाटी डावीकडेच होती, पण त्यांच्या डाव्या हाताला खडक होते. ते कुटुंब मोबाईल बघून बरोबर गेलं. मला परत हलवा म्हणून तिकीट-खिडकीतल्या बाईंनी नगरपालिकेत दोनदा अर्ज केला. बघतो, असं उत्तर आलं.

परवा एक आजोबा आठेक वर्षांच्या नातीला घेऊन आले. मोबाईलची बॅटरी संपलेली. आजोबा मात्र खुशीत होते, आमच्या वेळी असेच नकाशे वाचायचो म्हणाले. माझ्यावर बोट ठेवून त्यांनी नातीला चौपाटी दाखवली आणि दोघं डावीकडे निघाली. बाईंच्या खिडकीपुढे रांग होती, त्यांना काही दिसलं नाही.

मला सगळं दिसत होतं. दोघं खडकांवर उतरली, वाळू शोधत पुढे पुढे गेली. त्यांच्या मागे पाणी भरत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. घसा असता तर मी तो फोडला असता. शेवटी रांग सरली, बाई पाय मोकळे करायला बाहेर आल्या, त्यांची नजर तिकडे गेली आणि त्या धक्क्यावरच्या एका होडीवाल्याला हाका मारत धावल्या. तो पोहोचला तेव्हा पाणी आजोबांच्या छातीला लागलं होतं. नात त्यांच्या खांद्यावर होती.

परतल्यावर आजोबा माझ्यासमोर कुडकुडत उभे राहिले. त्यांनी पुन्हा माझ्यावर बोट फिरवलं.

"घरी सांग, आजोबांबरोबर आता नाही जायचं," ते नातीला म्हणाले. "आजोबांना आता नीट वाचता येत नाही."

बाईंनी परोपरीने सांगितलं, चूक तुमची नाही, यालाच उलटं लावलंय. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. नातीने त्यांचा हात धरला आणि त्यांना हळूहळू बसथांब्याकडे नेलं. येताना तिचा हात त्यांनी धरला होता.

मित्रांनो, त्यानंतर बाईंनी माझ्या तोंडावर गोणपाट बांधलं. आता मला काही दिसत नाही, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मला नवा रंग नको, कौतुक नको. मला माझ्या जागी परत लावा, एवढंच मागणं. आणि ते जमेपर्यंत एक करा. सकाळपासून वारा सुटला आहे आणि गोणपाटाची डावीकडची गाठ सैल झाली आहे. तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने जात असेल, तर कृपा करून मला वाचू नका. आधी ती गाठ घट्ट बांधा.